पहिल्यांदाच ग्रुप घेऊन डोंगरात: पाचनईच्या वाटेवर मी काय चुकले आणि काय शिकले

(हा आमच्या ऑडिओ एपिसोडचा लिखित मजकूर आहे. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, फक्त 'अं', 'म्हणजे' आणि मागे भुंकणारा कुत्रा काढून टाकलाय. मिनिटं बाजूला दिली आहेत, हवं तिथून ऐका किंवा वाचा.)

[००:००] सुरुवात



गेल्या महिन्यात तुमच्याकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला. "ताई, आम्ही मित्रमित्र नेहमी ट्रेकला जातो. आता कॉलनीतले, ऑफिसचे लोक म्हणतायत की आम्हालाही घेऊन चल. पंधरा-वीस जण आहेत. घेऊन जाऊ का?"

माझं उत्तर आहे, जरूर जा. पण आधी हा एपिसोड पूर्ण ऐका. कारण मीही असंच "त्यात काय एवढं" म्हणून पंधरा जणांना हरिश्चंद्रगडावर घेऊन गेले होते आणि त्या दिवशी दुपारी दोन पन्नासला देवळासमोर उभं राहून मी माणसं मोजली, तेव्हा एक माणूस कमी भरला.

तो माणूस सापडला, हे आधीच सांगते, उगाच टांगून ठेवत नाही. पण ती पंचेचाळीस मिनिटं मी अजून विसरलेले नाही. आजचा एपिसोड त्या पंचेचाळीस मिनिटांबद्दल आहे, आणि ती का आली त्याबद्दल.

[०२:१०] स्वतः जाणं आणि दुसऱ्यांना नेणं

तोपर्यंत मी हरिश्चंद्रगड चार वेळा केला होता. तोलार खिंडीतून, पाचनईतून, पावसात, थंडीत. त्यामुळे वाट पाठ आहे म्हणजे झालं, असं मला वाटायचं.

पण वाट माहीत असणं हा कामाचा अगदी छोटा भाग असतो. आपण मित्रांबरोबर जातो तेव्हा प्रत्येक जण स्वतःची काळजी घेतो. दम लागला की थांबतो, पाणी संपलं की मागतो, भीती वाटली की शिव्या घालतो. अनोळखी लोक पैसे भरून तुमच्यामागे येतात ना, तेव्हा ते विचार करणं तुमच्यावर सोपवून मोकळे होतात. दम लागला तरी बोलत नाहीत, कारण लाज वाटते. पाय मुरगळला तरी "ठीक आहे, ठीक आहे" म्हणतात. आणि तुम्ही जिथे पाय ठेवाल तिथे ठेवतात, मग ती जागा चुकीची का असेना.

म्हणून पहिल्या वेळी तुम्हाला उत्तम येत असलेली, सोपी वाट निवडा. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, म्हणून पोस्टरवर छान दिसतं. पण पावसाळ्यातल्या रविवारी तिथल्या लोखंडी शिड्यांखाली केवढी रांग लागते ते ज्याने पाहिलंय तो पहिला ग्रुप तिथे नेणार नाही. उंचीपेक्षा हे बघा की वाटेत अडकण्याच्या जागा किती आहेत, आणि मधूनच मागे फिरता येतं का.

हरिश्चंद्रगडाचंच घ्या. हा गड साधारण १४२० मीटर उंच, अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात. वर जायला बऱ्याच वाटा आहेत. खिरेश्वरहून तोलार खिंडीची वाट लांब आणि दमवणारी. नळीची वाट तर दगडांनी भरलेल्या घळीतून जाते, ती अनुभवी माणसांसाठीच. पाचनईची वाट त्यातल्या त्यात सोपी, अडीच ते तीन तासांत माणूस देवळापाशी पोचतो. आणि एक फार साधी गोष्ट. मॅपवर नुसतं 'हरिश्चंद्रगड' टाकलं तर मॅप तुम्हाला खिरेश्वरला नेऊ शकतो, जे डोंगराच्या पार दुसऱ्या बाजूला आहे. ड्रायव्हरला गडाचं नाव सांगू नका, गावाचं सांगा. पाचनई. कोतूळवरून.

[०५:३०] वेळेचा हिशेब

आता गणित. घाबरू नका, सोपं आहे.

विल्यम नेस्मिथ नावाचा एक स्कॉटिश गिर्यारोहक होता. त्याने १८९२ मध्ये एक नियम मांडला, तो आजही जगभर वापरतात. सपाट चालीला ५ किलोमीटरला एक तास, आणि त्यात दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. समजा वाट ४ किलोमीटरची आणि चढ ५०० मीटरचा. चालीची ४८ मिनिटं, चढाची ५० मिनिटं, मिळून ९८. म्हणजे एक तास अडतीस मिनिटं.

पण हा हिशेब एकट्या, तंदुरुस्त, न थांबणाऱ्या माणसाचा आहे. तुमच्याकडे सतरा जण आहेत. कुणाची लेस सुटते, कुणाला फोटो हवा असतो, कुणाला 'जरा बाजूला' जायचं असतं. दर तासाला दहा-बारा मिनिटं अशीच जातात. त्यात पावसाळी शेवाळ. म्हणून नवख्या ग्रुपसाठी मी नेस्मिथचा आकडा सरळ दुप्पट धरते. तो कमी पडला असं अजून झालं नाही.

आणि उतरायला वेळ कमी लागतो, हे डोक्यातून काढून टाका. ओल्या दगडावर, थकलेल्या गुडघ्यांनी उतरायला नवख्या लोकांना चढण्याइतकाच वेळ लागतो. घसरून पडणं बहुतेक वेळा उतरतानाच होतं.

आता सगळ्यात महत्त्वाची वेळ, परत फिरायची. ही सकाळी घरून निघतानाच ठरवायची आणि सगळ्यांना मोठ्याने सांगायची. "पावणेतीन वाजता आपण जिथे असू तिथून मागे फिरणार. देऊळ समोर दिसत असलं तरी." वर पोचल्यावर ठरवायला गेलात तर कधीच ठरत नाही, कारण समोर शिखर असतं आणि मागे पंधरा जणांचे चेहरे असतात. १९९६ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर ठरलेली वेळ उलटून गेल्यावरही अनेक जण वर चढत राहिले आणि मग वादळात सापडले. आठ माणसं गेली. त्यांच्याबरोबर जगातले नावाजलेले गाईड होते. आपण कोण!

[०९:००] त्या दिवशी काय झालं

जुलैचा शेवटचा रविवार. पंधरा जण, मी, आणि शेवटी चालायला माझा एक मित्र. एकूण सतरा. पहाटे साडेचारला पुण्याहून निघायचं ठरलेलं.

दोघं जण पाच वाजून गेले तरी आले नाहीत. फोनवर "दोन मिनिटांत पोचतो" चाललेलं. मला वाटलं, पहिलीच ट्रिप, कशाला कुणाला दुखवायचं. थांबले. निघालो पाच वीसला. पन्नास मिनिटं गेली.

मग नाश्त्याला गाडी थांबली, तिथे मिसळ यायला उशीर. पाचनईत सव्वादहा. कपडे, बूट, ओळखी, 'एक ग्रुप फोटो', असं करत चालायला सुरुवात सव्वाअकराला. माझ्या कागदावर दहा लिहिलं होतं.

गावातल्या एका मामांना मी गाईड म्हणून घेतलं होतं. खरं सांगते, मनात होतं की मला वाट येते, मग दीड हजार कशाला घालवायचे? तरी घेतलं. आयुष्यात घातलेले सगळ्यात चांगले दीड हजार.

वाट फार सुंदर होती. पाचनईच्या वाटेवर एका बाजूला पुढे झुकलेली कातळाची भिंत लागते, वरून पाण्याच्या धारा पडत असतात आणि आपण त्यांच्या मागून चालतो. लोक खूश. प्रत्येक धारेखाली फोटो. मी पण हसत उभी. देवळापाशी पोचलो तेव्हा सव्वादोन वाजले होते.

वर गच्च धुकं. दहा पावलांवरचा माणूस दिसेना. हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ बघितलं, केदारेश्वराच्या गुहेकडे गेलो. आत गार पाण्यात मोठं शिवलिंग आणि भोवतीच्या चार खांबांपैकी आज एकच धड उभा, हे सगळं मी उत्साहाने सांगत होते. मग जाहीर केलं, "आज कोकणकडा नाही. धुकं आहे, वेळ नाही. पावणेतीनला निघायचं."

काही चेहरे पडले. साहजिकच होतं, कारण ट्रिपच्या पोस्टरवर मीच कोकणकड्याचा फोटो टाकला होता.

दोन पन्नासला मोजलं, तर सोळा. पुन्हा मोजलं, तरी सोळाच. कोण नाही, हे कळायला आणखी पाच मिनिटं गेली, कारण सगळ्यांनी रेनकोट घातलेले, टोप्या ओढलेल्या. शेवटी एक मुलगी म्हणाली, "अगं, तो इंद्रवज्र बघायचं म्हणत होता."

[१२:४०] कोकणकडा आणि इंद्रवज्र

इथे थोडं थांबून सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

कोकणकडा म्हणजे गडाच्या पश्चिमेचा तो प्रचंड कडा. तो नुसता उभा नाहीये, आत वळलेला आहे, वाटीसारखा. काठावर पालथं पडून खाली बघतात, उभं राहून बघू नये. खालून कोकणातून वारा वर उसळत असतो.

इंद्रवज्र म्हणजे गोल इंद्रधनुष्य. तुमच्या पाठीमागे सूर्य आणि समोर दरीत धुकं असलं की तुमची सावली धुक्यावर पडते आणि तिच्याभोवती रंगांचं कडं दिसतं. इंग्रजीत याला ब्रॉकन स्पेक्टर म्हणतात. इथे ते एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पाहिल्याचं सांगतात.

पण त्यासाठी मागे ऊन लागतं. तुम्ही स्वतःच ढगाच्या आत उभे असाल तर सावली कुठून पडणार? त्या दिवशी इंद्रवज्र दिसण्याची काही शक्यताच नव्हती. हे एक वाक्य मी खाली गावातच बोलले असते, तर तो मुलगा एकटा गेला नसता. माझ्या पोस्टरने त्याला एक गोष्ट दाखवली होती आणि मी ती का मिळणार नाही हे सांगितलंच नाही, नुसतं "नाही" म्हटलं.

म्हणून सांगते, डोंगरातल्या नजाऱ्याची हमी देऊ नका. पोस्टरवर स्पष्ट लिहा, "हवामानावर अवलंबून." आणि 'नाही' म्हणाल तेव्हा त्यामागचं कारणही सांगा. कारण कळलं की लोक शहाण्यासारखे वागतात.

[१५:००] पंचेचाळीस मिनिटं

देवळापासून कडा वीस-पंचवीस मिनिटांवर. मला पहिल्यांदा वाटलं, धावत जावं. मामांनी हात धरला. म्हणाले, "ताई, तू हितंच थांब. तू गेलीस तर ही पोरं तुझ्या मागं येत्याल. मग किती जणांना हुडकू?"

बरोबर होतं ते. लीडर शोधायला धावला की उरलेल्यांना लीडर राहत नाही. मामा आणि माझा मित्र गेले. दोघांकडे शिट्टी होती, माझ्याकडेही होती. ठरवलं, दर दोन मिनिटांनी मी तीन शिट्ट्या वाजवायच्या, म्हणजे धुक्यात देवळाची दिशा कळेल. सापडला की त्यांनी एक लांब शिट्टी द्यायची. नाही सापडला तरी अर्ध्या तासात दोघांनी परत फिरायचं.

मी बाकीच्या चौदा जणांना मोजून देवळाच्या आडोशाला बसवलं. ओले, गार पडलेले. तेव्हा कळलं की सह्याद्रीतसुद्धा माणूस थंडीने गारठतो. दर १००० मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्यात ओले कपडे आणि वारा. जीन्स घातलेले दोघं थरथरत होते. जीन्स भिजली की सुकत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेते. एका मुलीचे ओठ निळसर दिसायला लागले. तिला माझा कोरडा टीशर्ट दिला, दोघींच्या मध्ये बसवलं, गूळ-शेंगदाणे खायला लावले. थोड्या वेळाने ती बोलायला लागली.

आणि मी दर दोन मिनिटांनी शिट्टी वाजवत होते. शिट्टी वाजवायची, मग कान देऊन ऐकायचं. पावसाचा आवाज. पुन्हा शिट्टी.

तीन पस्तीसला, मला ऐकू आली त्याच्याआधी एका मुलाला ऐकू आली. एक लांब शिट्टी.

तो मुलगा कड्यापर्यंत पोचलाच नव्हता. निम्म्या वाटेत धुक्यात वाट चुकली, तेव्हा एका दगडाशी बसून राहिला. हे त्याने फार शहाणपणाचं केलं. हरवलात तर बसा, चालत राहू नका. शोधणारा माणूस तुमच्या शेवटच्या माहीत असलेल्या जागेकडे येत असतो. तुम्ही चालत सुटलात तर तुम्ही त्याच्यापासून लांब जाता, आणि कोकणकड्याच्या बाजूला लांब जाणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

मी त्याला ओरडले नाही. ओरडायची ताकदच नव्हती.

[१८:३०] उशीर मागे राहत नाही

उतरायला लागलो तीन चाळीसला. सकाळी ज्या ओढ्यात पाय बुडवून लोकांनी फोटो काढले होते, तो आता मातकट झालेला, आवाज बदललेला. मामांनी सगळ्यांना थांबवलं.

ही खूण लक्षात ठेवा. पाणी गढूळ झालं, काटक्या-पानं वाहून यायला लागली, आवाज वाढला, म्हणजे वर पाऊस वाढलाय आणि पाणी चढतंय. तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरीही. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ग्रुप त्यात घालायचा नाही. दोर असला तरी नाही. थांबायचं. सह्याद्रीतले ओढे जसे झपकन चढतात तसेच पाऊस थांबला की उतरतात. आम्ही अर्धा तास थांबलो, पाणी पोटरीपर्यंत आलं, मग एकेक करून मामांच्या हाताने पलीकडे गेलो.

ढगांमुळे सातलाच अंधारलं. शेवटची वीस मिनिटं सतरा माणसं आणि दोन टॉर्च. बाकीच्यांचे मोबाईल एकतर भिजलेले नाहीतर रील काढून संपलेले. गावात साडेसात वाजता पोचलो. काकू दारातच उभ्या होत्या. त्यांनी आधी आम्हाला मोजलं, मग म्हणाल्या, "पिठलं तिसऱ्यांदा गरम करतेय."

घरी येऊन मी सगळ्या वेळा कागदावर मांडल्या. पहाटेची पन्नास मिनिटं, चालायला सुरुवात करेपर्यंत सव्वा तासाचा उशीर झाला होता. तेवढा वेळ हातात असता तर हरवलेला मुलगा, चढलेला ओढा, सगळं होऊनही आम्ही उजेडात गावात असतो. सकाळी दोघांना दुखवायचं नाही म्हणून मी सतरा जणांना अंधारात उतरवलं. आता मी पंधरा मिनिटं थांबते, मग गाडी सुटते. बुकिंगच्या मेसेजमध्येच लिहिलेलं असतं.

[२१:४५] आता माझी पद्धत

तुम्ही पहिल्यांदा ग्रुप नेणार असाल तर हे सरळ उचला.

मोजणी. डोकी मोजू नका, नंबर द्या. गाडीतच प्रत्येकाला एक ते सतरा नंबर. "मोजा" म्हटलं की प्रत्येकाने आपला नंबर ओरडायचा. नऊनंतर अकरा आला की दहा नंबर नाही, हे दहा सेकंदांत कळतं. दर थांब्याला मोजणी, आणि निघताना पुन्हा. त्याशिवाय जोड्या लावा. शेजारचा कुठे आहे हे प्रत्येकाला माहीत हवं. आमच्या त्या मुलाच्या मित्रांना वाटलं तो देवळात आहे, देवळातल्यांना वाटलं तो गुहेत आहे.

पुढे एक, मागे एक. पुढच्याच्या पुढे कुणी जायचं नाही, मागच्याच्या मागे कुणी राहायचं नाही. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढच्याच्या लगेच मागे ठेवा, ग्रुपचा वेग तोच. तो शेवटी राहिला तर काय होतं माहितीय? बाकीचे थांबून आराम करतात, तो धापा टाकत पोचतो आणि तेवढ्यात सगळे निघतात. ज्याला आराम सगळ्यात जास्त हवा, त्यालाच तो मिळत नाही.

आधीची माहिती. दमा, बीपी, शुगर, हृदयाचा त्रास, चालू औषधं, घरच्यांचा नंबर. ग्रुपवर विचारू नका, एकेकाला फोन करा. ग्रुपवर कुणी खरं सांगत नाही. पंप वापरणाऱ्याचा पंप बॅगेच्या तळाशी नाही, वरच्या खिशात आहे ना ते निघताना बघा.

हवामान. हवामान खात्याचा इशारा आदल्या रात्री आणि पहाटे, दोन्ही वेळा बघा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की तो 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार', २०४.५ पासून 'अत्यंत जोरदार'. यलो असेल तर सावध आणि छोटा बेत. ऑरेंज किंवा रेड असेल तर ट्रिप पुढे ढकला. पावसाळ्यात जिल्हाधिकारी काही ठिकाणी बंदीचे आदेश काढतात, तेही बघा. आणि सगळ्यात खात्रीची बातमी म्हणजे गावातल्या मामांना फोन. "ओढ्याला पाणी किती?" हा प्रश्न कोणतंच ॲप सोडवत नाही.

सामान. प्रत्येकाकडे टॉर्च, शिट्टी, दोन लिटर पाणी, आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला कोरडा टीशर्ट. तुमच्याकडे प्रथमोपचाराची पेटी, क्रेप बँडेज, ओआरएस. ओआरएसची पाकिटं संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चहाचा चमचा, आणि मीठ जास्त नको. जीन्सला मनाई. उग्र परफ्यूमलाही, कारण कड्यांवर आग्या मोहोळं असतात.

मदत. रुग्णवाहिकेला १०८, बाकी कोणत्याही संकटाला ११२. तुमच्या सिमला रेंज नसेल, पण दुसऱ्या कंपनीची असेल, तरी ११२ लागू शकतो. डोंगरातल्या बचावाचं काम राज्यातल्या गिर्यारोहण संस्था एकमेकींशी समन्वय ठेवून करतात. त्यांच्या हेल्पलाईनचा नंबर निघण्याआधी शोधून कागदावर लिहून ठेवा, फोनवर नको. आणि गडावर न येणाऱ्या एका माणसाला घरी सांगून ठेवा, "रात्री नऊपर्यंत माझा फोन आला नाही तर अमक्याला फोन कर."

[२६:२०] पैशाचं

हे कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते.

समजा गाडी १२,५००, गाईड मामा १,५००, लीडर दोघांचं जेवण आणि औषधं मिळून १,०००. एकूण १५,००० ठरलेला खर्च, कुणी येवो न येवो. वर माणशी जेवण-नाश्ता ४००. पंधरा जण धरले तर माणशी १,००० अधिक ४००, म्हणजे १,४००. छान. पण आदल्या दिवशी तिघं गळले तर? ३,००० रुपये तुमच्या खिशातून.

खरी भानगड इथून सुरू होते. ज्याच्या खिशाला भोक पडलंय तो लीडर ऑरेंज अलर्ट बघूनही म्हणतो, "बघू, जाऊन तर येऊ." पैशाचा ताण सरळ डोंगरावरच्या निर्णयात शिरतो. म्हणून दर ठरवताना गाडी भरलेली धरू नका, बारा जण धरा. १५,००० भागिले १२ म्हणजे १,२५०, अधिक ४००, म्हणजे १,६५०. वर उरले तर पुढच्या ट्रिपच्या टॉर्च घ्या. आणि हवामानामुळे रद्द झाली तर किती पैसे परत, हे आधीच लिहून द्या. म्हणजे रद्द करताना तुमचा हात थरथरणार नाही.

आणि गावाचे पैसे कधी घासाघीस करून कमी करू नका. जेवणाचा दर आधी ठरवा, माणसं कमी आली तरी सांगितलेल्या ताटांचे पैसे द्या. त्यांनी भाकऱ्या थापलेल्या असतात. आपण रविवारी येतो आणि जातो, ओढ्याला पूर आल्यावर हात द्यायला तेच असतात. हा सगळा भाग अभयारण्याचा आहे, तेव्हा स्पीकर नको, शेकोटी नको, आणि वर नेलेलं प्रत्येक पाकीट खाली आलं पाहिजे.

[२९:१०] शेवटचं

तो हरवलेला मुलगा आता माझ्या ट्रिपला शेवटी चालतो. मागचा गडी. सगळ्यात काटेकोर मोजणी त्याची असते, एकदा तर त्याने ड्रायव्हरकाकांनाही नंबर दिला.

नंतर मी पुन्हा पाचनईला गेले तेव्हा मामांना विचारलं, त्या दिवशी तुम्हाला भीती वाटली का? ते म्हणाले, "वाटली की. भ्या वाटतं म्हणून तर मानूस नीट मोजतं."

तर मंडळी, पहिला ग्रुप न्यायचा असेल तर छोटा न्या. सोपी वाट घ्या, गावातला माणूस सोबत घ्या, परतीची वेळ सकाळीच सांगा. वरचं काही राहिलं तर राहू दे, पुन्हा जाता येतं. कोकणकडा मला त्या ग्रुपला दाखवता आला नाही, पण नोव्हेंबरमध्ये त्यातले अकरा जण परत आले. ऊन होतं, दरीत धुकं नव्हतं, त्यामुळे इंद्रवज्रही नव्हतं. कड्यावर पालथं पडून सगळ्यांनी खाली कोकण बघितलं, आणि उठल्यावर मी काही म्हणायच्या आत कुणीतरी ओरडलं, "एक!"

"दोन!" "तीन!"

तुमच्या पहिल्या ट्रिपचे किस्से, चुका, प्रश्न व्हॉइस नोट करून पाठवा. निवडक पुढच्या भागात ऐकवू. तोपर्यंत डोंगरात जपून, आणि मोजून. भेटूया!